भुयारी रेल्वे, मुंबई
मुंबई शहरातील भूमिगत जलद वाहतुकीचा लोहमार्ग. ‘मेट्रो मार्ग ३’ या नावाने तो ओळखला जातो. कफ परेड ते आरे अशी त्याची लांबी सु. ३३·५ किमी. असून २७ स्थानकांपैकी २६ भूमिगत आहेत.

जगातील पहिली भुयारी रेल्वे लंडन येथे १८६३ मध्ये सुरू झाली. बुडापेस्ट (१८९६) व पॅरिस (१९००) या राजधान्यांनी तिचे अनुकरण केले. भारतात कलकत्ता येथे १९८४ मध्ये भुयारी रेल्वे धावू लागली. मुंबईत मात्र १८५३ पासून भूपृष्ठावरील लोहमार्गच विस्तारत गेले. ते दक्षिणोत्तर असल्याने काळबादेवी, गिरगाव, वरळी व विमानतळ परिसर रेल्वेस थेट जोडलेले नव्हते. दाट वस्तीमुळे तेथे भुयाराखेरीज पर्याय नव्हता.

केंद्र व राज्य शासनांच्या संयुक्त मालकीच्या मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशनने जपानच्या कर्जसाहाय्याने हा प्रकल्प हाती घेतला. बोगदे खणण्यास २०१७ मध्ये प्रारंभ झाला. प्रारंभीच्या लंडनमध्ये उघडा खंदक खणून तो वरून आच्छादीत; मुंबईत बेसाल्ट, ब्रेशिया इ. खडकांतून १७ यंत्रांनी जुळे बोगदे कोरण्यात आले. मिठी नदीच्या पात्राखालूनही ते नेलेले आहेत.

या कामास तीव्र विरोधही झाला. गिरगाव–काळबादेवीतील जुन्या चाळींच्या रहिवाशांपुढे पुनर्वसनाचा प्रश्न उभा राहिला. अग्यारींखालून बोगदा नेण्यास पारशी भाविकांनी घेतलेली हरकत उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फेटाळली. आरे येथील गाड्यांच्या आगारासाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन हजारांहून अधिक झाडे तोडण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबविली. २०२० मध्ये आगार कांजूरमार्ग येथे हलविण्याचे ठरले. तथापि उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे ते काम अडले व २०२२ मध्ये आरेची जागाच पुन्हा निश्चित झाली.

आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये, आचार्य अत्रे चौकापर्यंतचा मे २०२५ मध्ये व उर्वरित मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये खुला झाला. २६ मे २०२५ रोजी अतिवृष्टीमुळे आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरले. समुद्रकाठच्या पावसाळी शहरात भुयारी मार्ग सुरक्षित राखणे किती कठीण आहे, हे त्यावरून दिसून आले. शहराच्या वाहतुकीची दीर्घकालीन उणीव या मार्गाने भरून काढली. तथापि भूमी, वृक्ष आणि वस्ती यांवर पडलेला त्याचा भार हाही त्याच्या इतिहासाचा भाग होय.