कोयना भेक आणि आंबोली भेक

बुफोनिडी कुलातील झँथोफ्रायनी या प्रजातीच्या दोन जाती. दोन्ही पश्चिम घाटाच्या प्रदेशनिष्ठ असून महाराष्ट्राच्या प्राणिवैभवात त्यांचे मोल मोठे आहे. शास्त्रीय नावे अनुक्रमे झँथोफ्रायनी कोयनायेन्सिस आणि झँथोफ्रायनी टायगरिना.

कोयना भेकाचे वर्णन सोमण यांनी १९६३ मध्ये सातारा जिल्ह्यातील कोयना परिसरातील नमुन्यांवरून केले. तेव्हा त्याला ‘बुफो’ या मोठ्या प्रजातीत ठेवले होते. सिंधुदुर्गातील आंबोलीचा भेक मात्र विज्ञानाला ज्ञात झाला तो २००९ मध्ये. एस. डी. बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन करताना दोन्ही जातींसाठी ही स्वतंत्र प्रजाती स्थापली. दोन्ही भेक चणीने लहान आणि तपकिरी. ओळखायचे ते कुशीवरून: कोयनेच्या भेकाला तेथे पिवळसर डाग असतात, आंबोलीच्या भेकाला वाघासारखे पिवळे पट्टे.

आंबोली भेकाची वीण पाहण्यासारखी असते. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या सरी पडल्या की नर जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळमाळावर, जमून ओरडू लागतात. कातळाच्या खळग्यांत साचलेल्या उथळ पाण्यात मादी अंडी घालते. इतर बहुतेक भेकांची अंडी लांब चिकट माळेत असतात, याची पुंजक्यात. पावसाने ओढ दिली की खळगे आटतात आणि अंडी-पिल्ले उघडी पडतात. म्हणजे या जातीची पुढची पिढी सड्यावरच्या पाण्यावर आणि पावसाच्या सातत्यावर अवलंबून असते. सड्याला ‘पडीक’ म्हणणे किती चुकीचे आहे, हे येथे कळते.

आययूसीएनच्या लाल यादीत कोयना भेक ‘संकटग्रस्त’, तर आंबोली भेक त्याहून गंभीर अशा ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात आहे. फरकाचे मुख्य कारण क्षेत्र. कोयना भेकाची नोंद चांदोली राष्ट्रीय उद्यानातूनही आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ पासून ही दोन्ही जंगले जागतिक वारसास्थळात आहेत. आंबोली भेकाचा ज्ञात अधिवास आंबोलीच्या आसपासचा लहानसा टापू, आणि त्याच घाटातून सावंतवाडी–बेळगाव रस्ता जातो. वर्षा पर्यटनाची गर्दी आणि भेकांची वीण एकाच हंगामात येते. रात्री रस्ता ओलांडणारे भेक चाकांखाली सापडतात.

संरक्षित जंगल जाहीर करणे हा कोयनेच्या भेकाला मिळालेला आधार आहे. आंबोलीत तेवढ्याने भागणार नाही. येथे रस्ता आणि सडा यांचा विचार एकत्र करावा लागेल. पावसाळ्यात आंबोलीला जाणाऱ्यांनी रात्री वाहन सावकाश चालवावे, सड्यावर गाडी नेऊ नये आणि कातळावरच्या पाण्यात पाय घालू नये.