‘परम’ संगणकाचे दोन प्रक्रियक : टी-८०० आणि आय-८६०

बीड जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत मोडतो. तेथील खरिपाचे पीक पाऊस केव्हा येतो यावर अवलंबून असल्याने पर्जन्याचे पूर्वानुमान हा तेथे केवळ शास्त्रीय कुतूहलाचा विषय ठरत नाही. गणिती पद्धतीने असे अनुमान करावयाचे तर वातावरणाची चौकटींत विभागणी करून प्रत्येक चौकटीतील दाब, तापमान, आर्द्रता व वारा यांचे गणन करावे लागते. १९९० नंतरच्या दशकात राष्ट्रीय मध्यमावधी पूर्वानुमान केंद्रात वापरल्या गेलेल्या ‘टी-८०’ प्रतिमानाची चौकट सुमारे १५० किलोमीटर लांबरुंद होती. सुमारे १०,७०० चौरस किलोमीटरांचा बीड जिल्हा अशा एका चौकटीच्या निम्म्यातही सामावतो. चौकटीची बाजू निम्मी केल्यास चौकटी चौपट होतात, कालखंडही निम्मा घ्यावा लागतो आणि गणन किमान आठपट वाढते. शीघ्र संगणकाची निकड होती ती ह्यासाठी.

ह्या कामासाठी अमेरिकेकडून ‘क्रे एक्स-एमपी’ यंत्र मिळाले. परंतु त्याहून समर्थ यंत्रे निर्यातनिर्बंधांमुळे मिळेनात. मार्च १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ साली ‘परम ८०००’ हा समांतर संगणक सिद्ध केला. त्यात इन्मॉस कंपनीचे टी-८०० प्रक्रियक योजिले होते. पुढे ‘परम ८६००’ मध्ये इंटेलचा आय-८६० आला.

ह्या दोन प्रक्रियकांची प्रकृती मुळातच भिन्न होती. १९८७ सालच्या टी-८०० मध्ये गणनाचा विभाग आणि शेजारच्या प्रक्रियकांशी जोडणाऱ्या चार वाहिन्या एकाच चकतीवर होत्या. २० मेगाहर्ट्झ गतीस तो दशांश संख्यांवरील सुमारे १५ लक्ष क्रिया दर सेकंदास करी. १९८९ सालच्या आय-८६० मध्ये दहा लाखांहून अधिक ट्रान्झिस्टर होते. ४० मेगाहर्ट्झ गतीस त्याची दुहेरी अचूकतेची कमाल क्षमता सेकंदास ६ कोटी क्रियांची सांगितली जाई. इतर प्रक्रियकांशी जोडणाऱ्या वाहिन्या मात्र त्यात नव्हत्या.

हे दोन आकडे एकाच जातीचे नाहीत, ही गोष्ट इतिहासकाराने प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. पहिला प्रत्यक्ष चालीचा आहे. दुसरा सर्व भाग अखंड कार्यरत राहिले तरच गाठता येणारा. आय-८६०साठी भाषांतरक आज्ञावल्यांना तशी रचना सहसा साधत नसे आणि प्रत्यक्ष वेग कमाल क्षमतेच्या पुष्कळ खाली राही.

दुसरी मर्यादा दळणवळणाची. ‘परम ८६००’ च्या प्रत्येक घटकात एका आय-८६०बरोबर चार टी-८०० ठेवावे लागले. म्हणजे गणनाची कमाल क्षमता चाळीसपट झाली, वाहिन्या मात्र फार तर चौपट. अ‍ॅम्डाल यांनी १९६७ साली मांडलेला विचार येथे लागू पडतो. एखाद्या कामास १०० क्षण लागतात, पैकी ९० गणनाचे व १० देवाणघेवाणीचे, असे मानू. गणन तीसपट शीघ्र झाले आणि देवाणघेवाण तशीच राहिली, तर एकूण १३ क्षण लागतील. लाभ आठपटीहूनही कमी. वातावरणाच्या गणनात तर प्रत्येक पावलास दूरदूरच्या चौकटींची माहिती एकत्र आणावी लागते.

तेव्हा आय-८६० ने टी-८०० ला मागे टाकले, हे रूढ कथन अर्धसत्य होय. जुना प्रक्रियक हटला नाही. गणनाचे काम सोडून तो दळणवळणाच्या कामी लागला. ‘परस’ ही आज्ञावलीची व्यवस्था दोन्ही यंत्रांत एकच राहिल्याने पूर्वीचा अभ्यासही वाया गेला नाही. पुढील ‘परम ९०००’ ची रचना तर निरनिराळे प्रक्रियक बसविता यावेत अशीच करण्यात आली. पुण्याच्या प्रयत्नाचे खरे संचित कोणत्याही एका चकतीत नव्हते; अनेक चकत्यांकडून एक काम करवून घेण्याच्या विद्येत होते. बीडसारख्या जिल्ह्याला एका चौकटीच्या कोपऱ्यातून बाहेर काढून स्वतःच्या चौकटी मिळवून देण्याचा मार्ग ह्याच विद्येतून जात होता.