टक्के कमी असताना नामांकित परदेशी विद्यापीठात अर्ज : विद्यार्थ्यांसाठी माहिती

पदवीला ५४ टक्के मिळालेल्या मुलाने कोलंबिया किंवा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे नाव काढले, की घरात आणि कॉलेजात एकच उत्तर मिळते : "आपल्यासाठी नाही ते." हे उत्तर अनेकदा चुकीचे असते, काही वेळा बरोबरही असते. कुठे चूक आणि कुठे बरोबर, हे अर्ज भरण्याआधीच कळले तर वेळ, पैसा आणि उमेद तिन्ही वाचतात.

आपल्यातले कितीतरी विद्यार्थी घरातले पहिले पदवीधर आहेत. बारावीपर्यंत मराठी माध्यम, पदवीला अचानक इंग्रजी, सोबत अर्धवेळ नोकरी. पहिल्या दोन सत्रांत एटीकेटी लागते आणि शेवटच्या वर्षी गाडी रुळावर येते. गुणपत्रिकेवर मात्र सरासरीच दिसते. बाबासाहेबांना १९०७ साली मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण होते, अशी चरित्रात नोंद आहे. १९१३ साली ते बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. आजची प्रवेशपद्धत वेगळी आहे, त्यामुळे या उदाहरणावरून प्रवेशाची खात्री मानू नये. एका परीक्षेचा आकडा म्हणजे माणसाची कुवत नव्हे, एवढे मात्र त्यातून नक्की घ्यावे.

दरवाजे दोन आहेत

पहिला दरवाजा विद्यापीठाचा, दुसरा शिष्यवृत्तीचा. दोन्हींच्या गुणांच्या अटी वेगवेगळ्या असतात. विद्यापीठ ५६ टक्क्यांवर प्रवेश देते आणि शिष्यवृत्ती ६० टक्के मागते, असे घडू शकते. हातात ऑफर लेटर असूनही मग जाता येत नाही. म्हणून दोन्हींच्या अटी एकाच वेळी वाचाव्यात.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीला पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के लागतात. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. गुण, उत्पन्न आणि जागतिक क्रमवारी यांविषयीच्या तिच्या अटी वेळोवेळी बदलल्या आहेत. मागच्या वर्षी गेलेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नका, चालू वर्षाची जाहिरात आणि शासन निर्णय स्वतः वाचा. फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपला पदवीला किमान ५५ टक्के आणि तीन वर्षांचा पूर्णवेळ कामाचा अनुभव लागतो. चिव्हनिंगला सुमारे दोन वर्षांचा म्हणजे २,८०० तासांचा अनुभव लागतो आणि निवडीत नेतृत्वाला मोठे वजन असते. वस्तीत अभ्यासिका चालवणे, अत्याचाराच्या प्रकरणांत पाठपुरावा करणे, शिष्यवृत्तीसाठी आंदोलन उभे करणे हे सारे तिथे मोजले जाते. मात्र ते तारखा, आकडे आणि परिणामांसह मांडता आले पाहिजे.

टक्क्यांचे रूपांतर

सर्वाधिक नुकसान इथे होते. टक्क्यांना २५ ने भागून अमेरिकेचा जीपीए काढण्याची सवय आहे. त्या हिशेबाने ६० टक्के म्हणजे २.४, आणि विद्यार्थी घाबरून अर्जच करत नाही. हा हिशेब चुकीचा आहे. आपल्याकडे ६० टक्के म्हणजे प्रथम श्रेणी. परदेशी पदव्यांचे मूल्यमापन करणाऱ्या संस्था नुसता भागाकार करत नाहीत, आपल्या पद्धतीतली श्रेणी लक्षात घेतात. अर्जात गुण मूळ पद्धतीतच मागितले असतील तर टक्के किंवा दहापैकी सीजीपीए जसेच्या तसे लिहा. स्वतः रूपांतर करू नका.

अमेरिकेत अनेक पदव्युत्तर विभागांची किमान अट ४ पैकी ३.० असते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची अटही तीच आहे. पण किमान अट पूर्ण होणे म्हणजे फक्त अर्ज वाचला जाणे. निवड त्यानंतर होते, आणि त्यात शिफारसपत्रे, उद्देशपत्र व लेखनाचा नमुना यांना मोठे स्थान असते.

ब्रिटनमध्ये श्रेणी महत्त्वाची. तिथल्या बहुतेक नामांकित अभ्यासक्रमांना किमान 'टू-वन' म्हणजे वरची द्वितीय श्रेणी लागते, ऑक्सफर्डच्या अनेक अभ्यासक्रमांना त्याहून जास्त. भारतातले किती टक्के त्याच्या बरोबरीचे, हे प्रत्येक विद्यापीठ आपापले ठरवते. त्यांच्या संकेतस्थळावर भारतासाठी वेगळे पान असते, तो आकडा पाहूनच पुढे जा. आकड्याच्या बरेच खाली असाल तर तिथे अर्जशुल्क घालवू नका.

जर्मनीत सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. कमाल गुणांतून आपले गुण वजा करा. त्याला कमाल आणि उत्तीर्ण होण्यास लागणारे गुण यांच्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. तिथे १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. उत्तीर्ण मर्यादा ४० असेल तर ६० टक्क्यांचे ३.० होतात, मर्यादा ३५ असेल तर साधारण २.८५. म्हणून आपल्या विद्यापीठाची उत्तीर्ण मर्यादा गुणपत्रिकेच्या मागे किंवा ट्रान्सक्रिप्टवर नीट छापलेली आहे ना, ते तपासा.

कमी गुणांची बाजू कशी मांडावी

स्पष्टीकरण तीन-चार वाक्यांत संपवा. काय घडले, किती काळ घडले आणि त्यानंतर काय सुधारले, एवढेच. "पहिल्या वर्षी रात्रपाळीत काम करत होतो, सरासरी ४८ टक्के होती. काम सुटल्यावर शेवटच्या वर्षी ६६ टक्के मिळाले." एवढे पुरते. 'अतिरिक्त माहिती' असा रकाना असेल तर हे तिथे लिहा, उद्देशपत्राची जागा विषयासाठी ठेवा. गरिबी किंवा जातीचा अनुभव सांगायला लाजू नका, पण केवळ सहानुभूतीसाठीही सांगू नका. त्या अनुभवातून अभ्यासाचा कोणता प्रश्न उभा राहिला, हे निवड समितीला कळले पाहिजे.

शिफारसपत्र मोठ्या पदावरच्या ओळखीच्या व्यक्तीकडून घेण्यापेक्षा तुमचे काम जवळून पाहिलेल्या प्राध्यापकाकडून घ्या. त्यांना गुणपत्रिका, प्रकल्पाची प्रत आणि उद्देशपत्राचा मसुदा द्या. "विद्यार्थी मेहनती आहे" या वाक्याने काही साधत नाही. "वर्गात पंचवीस जणांत याचा प्रबंध सर्वात चांगला होता" याने साधते.

एटीकेटी किंवा नापास झालेले सत्र लपवू नका. सगळ्या सत्रांची गुणपत्रिका मागतात. खोटी किंवा अर्धवट माहिती उघड झाली तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो.

वर्ष-दोन वर्षे हातात असतील तर

पदवीचे गुण बदलत नाहीत, पण त्यानंतरचा पुरावा उभा करता येतो. इथेच एम.ए. किंवा एम.एस्सी. करून चांगली श्रेणी मिळवली तर बऱ्याच ठिकाणी तीही पाहिली जाते. 'स्वयम'वरील आपल्या विषयाचे अभ्यासक्रम प्रत्यक्ष परीक्षा देऊन पूर्ण करा. संशोधन प्रकल्पात सहायक म्हणून काम करा. एखादा शोधनिबंध इंग्रजीत नीट लिहून काढा, तोच लेखनाचा नमुना होईल. जीआरई ऐच्छिक असेल आणि गुण चांगले येत असतील तर जरूर जोडा. ते पाच वर्षे चालतात, आयईएलटीएसचे दोन वर्षे.

कागदपत्रे आणि वेळ

जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि पासपोर्ट यांची कामे सर्वात आधी हाती घ्या. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्राच्या पातळीवर १९९० पासून आहेत, पण दाखल्यावरील नोंद योग्य नमुन्यात नसेल तर ऐनवेळी अर्ज अडतो. विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टला काही आठवडे लागू शकतात. अमेरिकेतील बऱ्याच विभागांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते, चिव्हनिंगची साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला. शासकीय शिष्यवृत्तीसाठी विनाअट ऑफर लेटर हाती असणे महत्त्वाचे, म्हणून अटी वेळेत पूर्ण करून घ्या.

यादी सहा-सात विद्यापीठांची ठेवा : दोन अवघड, तीन आवाक्यातली, दोन बऱ्यापैकी खात्रीची. शिष्यवृत्तीच्या क्रमवारीत बसत नसलेले नाव यादीत ठेवायचे असेल तर पैशाची सोय आधी ठरवा. अर्जशुल्क परवडत नसेल तर अमेरिकेतील विभागांना ईमेल करून शुल्कमाफी विचारा. बरेच विभाग ती देतात, पण मागितल्याशिवाय क्वचितच मिळते.

तुमच्या शहरात याआधी परदेशी जाऊन आलेले कोणी असतील तर त्यांच्याकडून उद्देशपत्र तपासून घ्या. आणि तुम्ही जाऊन आलात, की तुमचा अर्ज, गुणपत्रिकेसह, पुढच्या मुलांना वाचायला द्या. ५४ टक्क्यांचा यशस्वी अर्ज प्रत्यक्ष पाहिलेला विद्यार्थी "आपल्यासाठी नाही ते" हे वाक्य सहजासहजी मानत नाही.