अडीच फुटांचं दार

यंदा दिवाळीला पुण्याहून घरी आलो तेव्हा बॅगेत लॅपटॉपसोबत एक मोजपट्टी होती. आमगावात एका बंद दुकानात व्हिडिओ गेमचं मशीन पडून आहे आणि ते भंगारात जाणार आहे, असं शाळेतल्या मित्राने कळवलं होतं. लाकडी खोकं, काचेमागे पिक्चर ट्यूब, खाली दोन दांडे आणि बटणं. तुमच्यापैकी जे २०००च्या आसपास विदर्भातल्या एखाद्या गावात वाढले, त्यांना एकच शब्द पुरेल: मुस्तफा.

मापं घेतली. उंची पावणेसहा फूट, खोली पावणेतीन, रुंदी अडीच. गोंदियाच्या आमच्या घराचं आतलं दारही बरोबर अडीच फूट. म्हणजे अडचण.

अडीच फूट हे माप गोंदियाला नवं नाही. बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरला नेलेली ‘छोटी लाइन’ अडीच फुटीच होती, ७६२ मिलिमीटरची. शंभरेक वर्षं ती सातपुड्यातून धावली आणि २०१५ मध्ये तिचा शेवटचा टप्पाही थांबला. पण त्या जातीच्या इंजिनांसाठी नागपुरात मोतीबागला २००२ पासून म्युझियम आहे. शाळेची सहल तिथे जाते, मुलं इंजिनावर चढून फोटो काढतात. त्याच मुलांचे मोठे भाऊ ज्या मशीनपुढे रांग लावून उभे राहायचे, ते कुठे ठेवलंय, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

या मशीनचा इतिहास तसा फार जुना नाही. १९७२ मध्ये अमेरिकेत अटारी कंपनीच्या अ‍ॅलन अल्कॉर्नने ‘पाँग’ बनवला आणि सनीव्हेलमधल्या एका बारमध्ये तो ठेवला. थोड्याच दिवसांत मशीन बंद पडल्याची तक्रार आली. उघडून पाहिलं तर बिघाड काहीच नव्हता, नाण्यांचा डबा ओसंडून वाहत होता. १९७८ मध्ये जपानमध्ये तोमोहिरो निशिकादोचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला, १९८० मध्ये ‘पॅक-मॅन’.

भारतात हे खेळ किती लवकर पोचले, याचा चांगला पुरावा कोर्टात सापडतो. नाणं टाकून माणूस स्वतःच खेळतो, त्याला करमणूक म्हणायचं का आणि त्यावर करमणूक कर लावायचा का, हा प्रश्न उत्तर प्रदेशातून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८३ मध्ये गीता एंटरप्रायझेसच्या खटल्यात न्यायालयाने ‘हो’ म्हटलं. १९९५ मध्ये कर्नाटकातून गेलेल्या दुसऱ्या खटल्यात अशा पार्लरवर परवान्याचं बंधन योग्य ठरलं. आपल्या सरकारी कागदपत्रांत हा खेळ असाच दिसतो, कधी कर म्हणून, कधी जुगाराची शंका म्हणून. खेळणारी पोरं त्यात कुठेच नाहीत.

मी त्या पोरांपैकी एक होतो. सहावीत असताना बाबांच्या शर्टातून वीस रुपये काढले आणि शाळेऐवजी दुकानात गेलो. एका रुपयाला एक डाव. बाबांना कळलं, ते दुकानात आले. मला दोन ठेवून दिल्या, ते मी केव्हाच विसरलो असतो. पण ते काकांनाही बोलले, गिऱ्हाइकांदेखत. “पोरांना बिघडवायचा धंदा करता.” काका काही बोलले नाहीत. त्यांनी मशीनचा प्लग काढला आणि आम्हा सगळ्यांना घरी पाठवलं. पुढे आमचं घर गोंदियाला आलं आणि मी त्या दुकानात परत कधी गेलो नाही. वीस रुपये चोरले मी, आणि ऐकून घेतलं काकांनी. मशीन हवं होतंच, पण आमगावला जायचं हेही एक कारण होतं.

काकांनी शटर वर केलं आणि म्हणाले, “बाबू, कायले नेतेस हा डब्बा? मोबाइलमंधी सगरा येते ना.”

प्रश्न रास्त होता. १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने मेम नावाचं सॉफ्टवेअर काढलं. जुन्या मशीनच्या चिप्स कशा वागतात याची ते हुबेहूब नक्कल करतं. आज मुस्तफा फोनवर चालतो. मी स्वतः सॉफ्टवेअरवर पोट भरतो, मला हे पटायला हवं. मागची फळी काढून आत टॉर्च मारला, तेव्हा उत्तराचा थोडा अंदाज आला.

आत ५६ पिनांचा एक कनेक्टर होता. जपानमधल्या मशीन बनवणाऱ्यांच्या संघटनेने १९८५ मध्ये तारांची ही एक ठरावीक मांडणी पक्की केली. तिचं नाव जामा. दांडा, बटणं, आवाज, चित्र, वीज, सगळं याच कनेक्टरमधून जातं. त्यामुळे खोकं कुठेही बनवा, सुताराने प्लायवूडचं बनवा, आत टीव्हीची ट्यूब बसवा, जपानी बोर्ड त्यात चालतो. आमचं खोकं तसंच होतं: सनमायका लावलेलं, कोपरे पत्र्याने मढवलेले, नागपूरहून जुनंच आणलेलं.

बोर्ड मात्र जपानी नव्हता. मुस्तफाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. मार्क शुल्ट्झच्या कॉमिकवरून कॅपकॉमने तो १९९३ मध्ये काढला. मुस्तफा हे त्यातल्या चार पात्रांपैकी एकाचं नाव. आपल्याकडे अख्ख्या गेमला तेच चिकटलं. कॅपकॉमने नक्कल रोखायला मूळ बोर्डावर एक बॅटरी ठेवली होती. तिच्या जोरावर आवाजाच्या प्रोसेसरची किल्ली टिकते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड मरतो. काकांच्या बोर्डावर बॅटरीच नव्हती. म्हणजे नक्कल. नक्कल करणाऱ्यांनी कुलूपच काढून टाकलेलं, म्हणून तो अजून जिवंत. शिवाय २०१८ मध्ये कॅपकॉमने असे सात जुने मारामारीचे गेम एकत्र विकायला काढले, त्यात हा नव्हता. अधिकृत वाटेने हा खेळ नाहीसाच होत चाललेला. आमच्या आठवणी ज्यांनी सांभाळल्या, ते कायद्याने चोर होते. इंजिनियर म्हणून मला हे अवघड जातं, पण खोटं म्हणता येत नाही.

आणि फोनमध्ये येत नाही अशीही एक गोष्ट होती. मारायच्या बटणाभोवतीचा सनमायका झिजून आतलं लाकूड वाटीसारखं खोल झालेलं. उडीच्या बटणाजवळ तेवढं नाही. आम्ही उड्या कमी मारायचो. ही झीज आमगावच्या पोरांची आहे, ती कोणत्याही फाइलमध्ये नाही.

“किती द्यायचे?” मी विचारलं.

“भंगारवाला नऊशे देते.”

मी नऊ हजार काढले. काकांनी दोन हजार परत केले. मग मी बाबांचा विषय काढला. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “तुहे बाबा बरोबरच होते. माहा पोरगा बी मी इथं येऊ नाई दिला.”

नेण्यासाठी छोटा हत्ती ठरवला. टाटांची ही गाडी २००५ ची, आमच्या लहानपणाएवढीच. मशीन उभंच न्यायचं होतं. पिक्चर ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असते आणि तिची मागची मान अंड्याच्या कवचासारखी नाजूक. आडवं पाडलं आणि धक्का बसला तर सगळं संपलं. शिवाय चालू ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बंद केल्यावरही काही उरतो, म्हणून आत हात घालायचा नाही. धानाची कापणी चालू होती. शेजारच्या शेतातून तणस आणलं, बारदान्यात भरलं आणि चारी बाजूंनी ठासलं. वरून दोर. काका म्हणाले, “मी मांगं बसतो, नाई तं हालन ते.” गोंदियापर्यंतचे पंचवीसेक किलोमीटर ते हौद्यात मशीनला हात लावून बसले. समोरून धानाने भरलेले ट्रॅक्टर येत होते. प्रत्येक गतिरोधकावर ड्रायव्हर त्यांच्यासाठी थांबत होता की मशीनसाठी, सांगता येत नाही.

घरी दाराशी व्हायचं तेच झालं. अडीच फुटांच्या दारात अडीच फुटांचं खोकं जात नाही. बाबा बाहेर आले. त्यांनी काकांना ओळखलं. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला, जरा लवकरच. मग बाबा आतून पेचकस घेऊन आले आणि बिजागऱ्यांचे स्क्रू काढायला लागले. पल्ला निघाला, एक इंच मिळाला. चौकटीचा थोडा रंग गेला. मशीन आत आलं.

तासभर तसंच ठेवून मग चालू केलं. ट्यूबची शिट्टी, केसांना ओढ, आणि उजव्या कडेला थोडं वाकलेलं चित्र. मी काकांसाठी खुर्ची समोर ठेवली. ते बसले नाहीत. ते मशीनच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले, एक हात खोक्यावर ठेवून, जिथून स्क्रीन तिरकी दिसते आणि पोरांचे चेहरे सरळ.

“खेळा ना काका.”

“मले येत नाई,” ते म्हणाले. “मी कदी खेललोच नाई.”

मग बाबा पुढे झाले. त्यांनी दांडा धरला, चुकीच्या हाताने. काकांनी बाजूनेच हात लांबवून त्यांची बोटं बटणावर नीट ठेवली.