ध्वनिवर्धक आणि आमचा आवाज

माझे आजोबा लातूरकडच्या एका खेड्यात हलगी वाजवीत. त्यांचा हात कसा चाले हे सांगणारी माणसे अजून भेटतात. तो ऐकवणारी तबकडी मात्र कोठेही नाही. नांदेडच्या एका रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात काचेच्या व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प्लिफायर पाहिला, तेव्हा प्रश्न पडला : आवाज धरून ठेवणारे यंत्र आले, मग आमचा आवाज कोठे राहिला?

आधी यंत्राचा इतिहास पाहू. 1902 साली ग्रामोफोन कंपनीच्या गेसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्यात विजेचा संबंध नव्हता. गायकाने कर्ण्यापाशी तोंड नेऊन गायचे आणि त्या आवाजाच्याच जोरावर सुईने मेणात रेघ कोरायची. हलका स्वर मेणापर्यंत पोचत नसे. दणक्याचे वाद्य कर्ण्यापासून दूर ठेवावे लागे. एकमेकांना साथ देत गाणाऱ्या ताफ्याचे मुद्रण तेथे अवघड होते.

1906 साली ली डी फॉरेस्ट यांनी तीन अग्रांचा व्हॉल्व्ह तयार केला. पाटाचे दार थोड्या जोराने सरकवले तरी मोठे पाणी वळते. तसाच या व्हॉल्व्हमध्ये क्षीण प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह हलतो. पुढे लांब पल्ल्याच्या टेलिफोनसाठी तो वापरला गेला. 1925 मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकची पद्धत तबकड्यांच्या धंद्यात आली : मायक्रोफोन, अ‍ॅम्प्लिफायर आणि विजेवर चालणारी कोरणी. सेकंदाला सुमारे 5,000 कंपनांपर्यंतचे स्वर आता पकडता येऊ लागले. झीलकरी, तुणतुणे, हलगी यांना एका खोलीत मुद्रित करण्यात मोठी तांत्रिक अडचण उरली नाही.

मग अडले कोठे? अ‍ॅम्प्लिफायर जात विचारीत नाही. पण मायक्रोफोनसमोर कोणाला बोलवायचे, हे तो ठरवीत नाही. ते तबकडी विकत घेणारा ठरवी. लावणीला गिऱ्हाईक होते, म्हणून लावणी तबकडीवर आली. ज्यांच्या घरी ग्रामोफोन नव्हता, त्यांचे दुःख कोण विकत घेणार? 1927 सालचे महाडचे बाबासाहेबांचे भाषण आपण वाचतो, ऐकत नाही. भीमराव कर्डकांच्या जलशांची ओळखही आपल्याला मुख्यतः कागदावरून आणि वडीलधाऱ्यांच्या पाठांतरातून झाली. नांदेड-लातूर तर तेव्हा निजामाच्या राज्यात, मुंबई-कलकत्त्यापासून दूर.

1980 च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि भीमगीते वस्तीवस्तीत वाजू लागली. गिऱ्हाईक आपणच झालो, तेव्हा आवाजही आपला झाला. हा धडा विसरता कामा नये.

आज मुद्रणयंत्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे. तरीही आपल्या वस्तीतली ओवी म्हणणारी आजी, हलगीचे हात जाणणारा म्हातारा यांचे मुद्रण किती जणांनी केले? मी वर्गात हे विचारले, तेव्हा एकही हात वर झाला नाही. माझाही नव्हता, आजोबा तर माझ्या लहानपणीच गेले. म्हणून विनंती एवढीच : या सुट्टीत घरी जा, आवाज धरा, आणि त्यासोबत गाणाऱ्याचे नाव, गाव व तारीख लिहून ठेवा. नाव नसलेला आवाज पुन्हा परक्याच्याच खात्यावर जमा होतो.