औंधचे नमस्कार आणि अंथरुणातली कंबर

कमरेत उसण भरली की घरातला पहिला सल्ला ठरलेला असतो: पडून राहा. डॉक्टरही फार वर्षे हेच सांगत. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हिल्टन यांचे विश्रांती आणि वेदना या विषयावरचे पुस्तक १८६३ साली आले. दुखऱ्या भागाला विश्रांती द्यावी, हा त्यातला विचार वैद्यकात चांगलाच रुजला. कंबरदुखीसाठी आठवडेच्या आठवडे बिछान्यात काढण्याची रीत पुढे सर्रास झाली.

औंध संस्थानात मात्र वेगळेच वारे वाहत होते. आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत विखुरलेल्या या छोट्या संस्थानाच्या गादीवर १९०९ साली भवानराव पंतप्रतिनिधी आले. तरुणपणी त्यांनी सँडोच्या पद्धतीचा व्यायाम केला होता. नंतर ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि ते त्यांनी संस्थानातल्या शाळांतही नेले. १९३८ साली त्यांचे या विषयावरचे इंग्रजी पुस्तक लंडनला निघाले. नमस्कारांनी जवळजवळ सगळेच रोग पळतात, असा त्यांचा विश्वास होता. तो आज मान्य करता येत नाही. पण हालचालीविना शरीर खचते, हे त्यांचे म्हणणे वैद्यकशास्त्राला फार उशिरा पटले.

१९४७ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड ॲशर यांनी बिछान्याचे धोके सांगणारा एक खोचक लेख लिहिला. कंबरदुखीची खरी चाचणी मात्र १९८६ साली अमेरिकेत झाली: सात दिवस विश्रांती घेणाऱ्यांना दोन दिवस घेणाऱ्यांपेक्षा काही अधिक लाभ झाला नाही. १९९५ साली हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवरील अभ्यासात, सोसेल तेवढी रोजची कामे करत राहिलेलेच सर्वांत लवकर बरे झाले. गंमत म्हणजे मुद्दाम व्यायाम दिलेलेही त्यांच्या मागे राहिले! तेव्हा उसण भरल्या दिवशीच नमस्कार घालायला लागू नये.

पडून राहिल्याने कण्यात होते काय? मणक्यांमधल्या चकत्यांना मोठ्या वयात रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. दिवसा भाराखाली त्यांतले पाणी बाहेर दबते, रात्री आडवे झाल्यावर परत शोषले जाते. सतत आडवे राहिले तर चकत्या फुगलेल्याच राहतात आणि कणा लांबतो. मणक्यांना घट्ट धरणारे खोल स्नायूही रोडावतात. बर्लिनमध्ये निरोगी पुरुषांना ६० दिवस झोपवून ठेवले होते. त्यांच्या चकत्या दोन वर्षांनंतरही पूर्ण पूर्ववत झालेल्या नव्हत्या, असे २०१२ साली प्रसिद्ध झाले. आजारी माणसाला महिनाभर पडून राहावे लागले, तर ‘आता बरा झालास’ म्हणून त्याच्या खांद्यावर लगेच पोते देऊ नये, ते यासाठी.

सकाळी चकती फुगलेली असते, म्हणून वाकताना तिच्यावर ताण अधिक येतो. जुनी कंबरदुखी असणाऱ्यांनी सकाळी सकाळी वाकणे टाळल्यास दुखणे कमी होते, असे १९९८ सालच्या एका अभ्यासात दिसले. राजेसाहेबांना हे रुचले नसते. पण अशा माणसाने पहाटेचे नमस्कार थोडे उशिरा घातलेले बरे.

चकत्यांचा हा खेळ विद्यार्थ्यांना घरी मोजता येईल. अंथरुणातून उठताक्षणी भिंतीला टेकून उंचीची खूण करावी, रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा करावी. फरक साधारण एक सेंटिमीटर किंवा त्याहून थोडा जास्त भरतो. हे माप शाळेच्या पहिल्या तासाला घेऊन चालणार नाही, कारण निम्म्याच्या आसपास उंची उठल्यावर तासाभरातच कमी झालेली असते.