हरभऱ्याएवढी वाळू : १:३५ मापातला वाळवंटी ट्रक

१/ डायोरामात वाळवंट उभारण्यासाठी समुद्रकिनाऱ्यावरची मूठभर वाळू पसरली, तर वाळवंट दिसत नाही, खडीचा ढीग दिसतो. वाळूच्या टेकडीतला कण साधारण पाव मिलिमीटरचा असतो. १:३५ मापाच्या जगात तोच कण जवळजवळ नऊ मिलिमीटरचा, म्हणजे हरभऱ्याएवढा ठरतो.

२/ वाळूच्या कणाचा असा हिशेब ज्यांनी आयुष्यभर मांडला, ते राल्फ बॅग्नोल्ड ब्रिटिश सैन्यातले अधिकारी होते. युद्धापूर्वी फोर्ड मोटारी घेऊन त्यांनी लिबियाचे वाळवंट पालथे घातले. वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूच्या भौतिकीवरील त्यांचा ग्रंथ १९४१ साली निघाला. त्याच्या आदल्याच वर्षी, इटली युद्धात उतरल्यावर, त्यांनी जनरल वेव्हेल यांच्याकडून सहा आठवड्यांची मुदत घेऊन एक पथक उभे केले होते : लाँग रेंज डेझर्ट ग्रुप.

३/ या पथकाचा शेवरोले ट्रक प्रतिकृतिकारांचा जुना लाडका. त्याला दारे नाहीत, टप नाही, समोरची मोठी काच नाही. बाजूला पोलादी, भोके पाडलेल्या लांब पट्ट्या. चाक रुतले की त्या चाकाखाली सरकवायच्या. चालकासमोर सूर्य-होकायंत्र, कारण ट्रकच्या लोखंडामुळे चुंबकीय होकायंत्र भरकटते. तबकडीवर पडणाऱ्या सुईच्या सावलीवरून दिशा धरली जाई.

४/ सर्वांत सहज राहून जातो तो पाण्याचा डबा. रेडिएटरमधून निघालेली एक नळी बाजूच्या डब्यात जाते. उकळलेल्या पाण्याची वाफ तेथे थंड होऊन पाणी बने आणि इंजिन निवले की ते आपोआप रेडिएटरमध्ये परत ओढले जाई. घोटभरही पाणी वाया जात नसे. ही नळी न लावलेली प्रतिकृती कितीही सुबक असली, तरी तो ट्रक या पथकाचा वाटत नाही.

५/ पाण्याची ही काटकसर कशासाठी, ते ३१ जानेवारी १९४१ रोजी जेबेल शरीफ येथे दिसले. इटालियन तुकडीने आणि विमानांनी न्यूझीलंडच्या ‘टी’ गस्तीवर हल्ला केला. ट्रक जळाले, मेजर क्लेटन पकडले गेले. मागे राहिलेले मूर आणि त्यांचे तीन साथीदार दोन गॅलनांहूनही कमी पाणी घेऊन दक्षिणेकडे चालू लागले. मूर यांना दहाव्या दिवशी फ्रेंच सैनिकांनी गाठले, तेव्हा ते सुमारे २१० मैल चालले होते. ईस्टन सापडले, पण वाचले नाहीत.

६/ आता रंगाविषयी. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये ‘वायकाहा’ नावाचा या पथकाचा शेवरोले आहे. १९८०च्या दशकात तो वाळवंटातून आणला आणि जसा सापडला तसाच, गंजलेला, ठेवला. तो पाहून अनेक जण प्रतिकृतीवर गंजाचा तपकिरी रंग सढळ हाताने फासतात. पण तो गंज चाळीस वर्षांचा आहे. सेवेतला ट्रक काही महिन्यांचा असे आणि कोरड्या हवेत गंज सावकाश चढतो. त्याच्या कडा गंजत नसत. वाळूने घासून उघड्या पडत.

७/ (या पथकाला पुढे भारतीय लाँग रेंज स्क्वाड्रनही जोडले गेले. त्यांच्या गस्तींच्या प्रतिकृती मात्र क्वचितच दिसतात.)

८/ राहिली जमीन. वाळूऐवजी प्लास्टरची वस्त्रगाळ भुकटी वापरावी. वाळवंटात हातभर अंतरात चार-पाच लाटा मावतात. १:३५ मापात दोन लाटांमधले अंतर जेमतेम तीन मिलिमीटर येते. त्या वाऱ्याच्या दिशेला आडव्या काढाव्यात, आणि चाकांच्या खुणांनी त्या मोडलेल्या दाखवाव्यात.